रिकाम्या खोलीचा आवाज

पाऊलमास्तरांना भुतांचा कंटाळा आला होता. भीती कधीच वाटली नव्हती. ज्यांचे पाय चाळीस वर्षं आपणच वाजवले, त्यांची भीती कसली डोंबलाची? पण कंटाळा मात्र मनापासून आला होता. टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला की ते उठून आत जायचे आणि उगाचच पंख्याची पाती पुसत बसायचे.

मास्तरांचा धंदा असा, की चारचौघांत सांगितला तर लोक आधी हसायचे. सिनेमात माणसं चालतात, दारं लावतात, कप आपटतात, ते आवाज शूटिंगच्या वेळी धड येत नाहीत. मग ते नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, पुन्हा काढायचे. नायक चालला की मास्तर चालायचे. नायिका पळाली की मास्तर बाईच्या उंच टाचा घालून जागच्या जागी पळायचे. खोलीत एका कडेला खडीचा ट्रे, दुसऱ्या कडेला वाळूचा, मधे लाकडी फळ्यांची जमीन, आणि भिंतीशी चाळीस-पन्नास जोड जुनी पायताणं. नुसता पाय बघून माणसाचं वजन सांगणारा हा माणूस. पण त्याचं नाव झालं ते भुतांमुळे. अगदी नेमकं सांगायचं तर एका भुताच्या बारा पावलांमुळे.

आणि ती पावलं मास्तरांची नव्हती. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक दोन वर्षांपूर्वी गेलं.

त्या दिवशी मास्तर पंख्याची पाती पुसत असताना फोन आला. एक तरुण मुलगी बोलत होती. जुने सिनेमे दुरुस्त करण्याचं काम ती करायची.

"काका, तुमचा तो भुताचा सिनेमा आम्ही दुरुस्त करतोय. चित्र छान निघालंय हो. पण माळ्यावरच्या पावलांचा आवाज पार गेलाय, नुसती खरखर आहे. तुम्ही एकदा चालून द्याल का?"

"माझं वय बहात्तर आहे," मास्तर म्हणाले.

"बाराच पावलं आहेत, काका."

बाराच! फोन ठेवून मास्तर बराच वेळ हातातलं फडकं तसंच धरून बसले. नाही म्हणायला काय हरकत होती? पण नाही म्हटलं असतं, तर त्या मुलीने दुसऱ्या कोणाला तरी चालायला लावलं असतं. तेही नको होतं. आठवड्याने गुडघ्याला पट्टा बांधून ते निघाले.

लिफ्ट बंद होती. मास्तर कुठेही जाणार असले की लिफ्ट बंद असते, हा त्यांचा जुना अनुभव. चार मजले चढताना प्रत्येक मजल्यावर ते थांबले, आणि थांबलं की माणसाला मागचं आठवतंच.

मास्तर या धंद्यात आले तेव्हा सिनेमा काळापांढरा होता आणि भुतं अगदी सभ्य होती. पांढऱ्या कपड्यातली, केस मोकळे सोडलेली एक बाई हातात मेणबत्ती घेऊन गाणं म्हणत जायची. तिला पाय असायचे, पण ते वाजायचे नाहीत. शेवटी कळायचं की ती भूत नाहीच, इस्टेटीवर डोळा ठेवून असलेल्या काकाने भाड्याने आणलेली बाई आहे. मास्तरांना काम काय, तर वारा आणि दार. लाकडी चाकावर जाड कापड ताणून फिरवलं की वारा व्हायचा. बिजागरीला कधी तेल घातलं नाही की दार व्हायचं. सोपं काम.

मग रंग आला आणि भुतांनी सगळी लाजलज्जा सोडली. जमिनीतून हात काय बाहेर यायचे, माना काय गरागरा फिरायच्या. ही भुतं खरी होती, सूड घ्यायची, आणि फार ओली होती. मास्तर दिवसभर कोबीचे गड्डे फोडायचे, काकड्या मोडायचे, ओल्या टॉवेलला पीळ घालायचे. बायको म्हणायची, "घरात भाजीला काही नाही, आणि तुमच्या भुताला रोज ताजा कोबी!" त्यानंतर भुतं टीव्हीवर दर आठवड्याला यायला लागली. दर आठवड्याला येणाऱ्या पाहुण्याची काय किंमत राहते? तीच त्यांची झाली. पुढे कॉम्प्युटर आला. एकेका चौकटीत शंभर-शंभर भुतं, आणि त्यांचे आवाज आधीच डबाबंद. बटण दाबलं की किंचाळी, दुसरं दाबलं की हाड मोडलं. मास्तरांना कोणी बोलवेना. आणि आताची भुतं तर काही करतच नाहीत. रिकाम्या स्वयंपाकघरात एक खुर्ची दोन इंच सरकते आणि थिएटरभर माणसं घाम पुसतात. मास्तरांना ती चांगली वाटत, पण त्यांच्यात मास्तरांना काम नव्हतं.

या सगळ्या काळात एकच गोष्ट टिकली. भूत दिसो न दिसो, ओलं असो कोरडं असो, चाललं की एक पाय ओढत चालायचं. ठप्प, मग घसरा, मग थोडं थांबणं, पुन्हा ठप्प. का, ते कोणी विचारायचं नाही. भुतं तशीच चालतात म्हणे. शाळेतली पोरंसुद्धा भूत-भूत खेळताना एक पाय ओढतात.

त्याचं मूळ मास्तरांना माहीत होतं. पहिल्या रंगीत सिनेमाच्या वेळची गोष्ट. नायिका पलंगावर पडलेली आहे आणि वर माळ्यावर कोणीतरी चालतंय, एवढाच प्रसंग. दिग्दर्शक भयंकर हट्टी माणूस. मास्तर तीन दिवस चालत होते. बूट घालून चालले, अनवाणी चालले, पायाला वाळूच्या पिशव्या बांधून चालले. दिग्दर्शक मान हलवायचा. "हा माणूस चालतोय. मला माणूस नको." तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनीच हात टेकले.

जेवायला उठताना मास्तर रेकॉर्डिंग करणाऱ्याला म्हणाले, "निदान रिकाम्या खोलीचा आवाज तरी घेऊन ठेव." ही या धंद्यातली रीत. रिकामी खोलीही गप्प नसते, तिला तिचा एक आवाज असतो, आणि तो बाकीच्या आवाजांच्या खाली अंथरावा लागतो. त्यासाठी टेप चालू ठेवायची, लाल दिवा लावायचा आणि सगळ्यांनी दहा मिनिटं बाहेर जायचं. सगळे गेले. फक्त दाराला कडी घालायची मास्तर विसरले.

जेवून आल्यावर खोली नीट आली का, हे बघायला टेप लावली. सुरुवातीला नुसतीच शांतता आणि त्या जुन्या स्पीकरची खरखर. आणि मग, ज्या खोलीत कोणीही नव्हतं, त्या खोलीत कोणीतरी चालायला लागलं. ठप्प. घसरा. थांबणं. ठप्प. रेकॉर्डिंगवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभा राहिला.

मास्तरांनी तिसऱ्या पावलाला ओळखलं. बायकोचा डावा पाय लहानपणी पडल्यापासून ओढला जायचा. शाळेत पोरं काय म्हणायची ते तिने लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी नाही. रस्त्यात ती मास्तरांच्या एक पाऊल मागे चालायची, कडेकडेने, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मास्तर डबा विसरले होते. आता तो डबा कोपऱ्यातल्या टेबलावर होता. शेजारी बसलेल्या कोणालाही तो दिसला असता, पण सगळे स्पीकरकडे बघत होते.

"कोणाचे पाय आहेत हे?" दिग्दर्शकाने विचारलं.

सहा पुरुष खोलीत. त्यांच्यासमोर म्हणायचं, की माझी बायको लंगडते, तिचे आहेत? मास्तरांची जीभ रेटेना. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर नुसती लाज नव्हती. तीन दिवस त्या माणसाने मान हलवली होती आणि आता तो मास्तरांकडे देवाकडे बघावं तसा बघत होता.

"मीच सकाळी करून बघत होतो," मास्तर म्हणाले. "फळीवर पोतं ओढून. चुकून टेपवर राहिलं असेल."

त्या दिवसापासून ते पाऊलमास्तर झाले.

सिनेमा लागला तेव्हा दोघं दुपारच्या खेळाला गेली. नेऊ नये असं मास्तरांना फार वाटत होतं, पण न नेण्याला कारण काय सांगणार? माळ्यावरची पावलं सुरू झाली तशी पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. मागे कोणीतरी लहान मूल रडायला लागलं. माणसं डोळे झाकून घेत होती. बायको पडद्याकडे बघत सरळ बसून राहिली.

घरी परतताना ती नेहमीसारखी मागे होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "अहो, ते वरचं चालणं..."

"काय?"

"माझंच होतं ना ते?"

"छे! काहीतरीच काय. पोतं ओढलंय आम्ही. फळीवर."

ती थोडं चालली. "पोतं," ती म्हणाली. "बरं."

बस्स, एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. भांडली असती तर मास्तरांनी निदान कबूल तरी केलं असतं. पण त्या एका शब्दाचं तिने पुढे काय काय केलं! टीव्हीवर कोणतंही भूत पाय ओढत आलं, की ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "आलं बघा तुमचं पोतं." मास्तर वर्तमानपत्रात तोंड घालायचे. मास्तरांना त्या कामाबद्दल एकदा ढाल मिळाली, तेव्हा तिने ती कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "पोत्याला सांगा, अभिनंदन म्हणावं." हसत म्हणाली. त्या हसण्यात किती हसू होतं आणि किती नव्हतं, हे पायाच्या आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या मास्तरांना तीस-पस्तीस वर्षांत कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

मास्तरांना एक कोडं मात्र कायम राहिलं, आणि ते धंद्याचं होतं. पुढे प्रत्येक दिग्दर्शकाला तीच पावलं हवी असायची, आणि मास्तर स्वतःचा पाय ओढून ती काढायचे. ठप्प जमायचं, घसरा जमायचा. पण त्या दोहोंच्या मधे ती जी थांबायची, ते काही जमायचं नाही. माणसं घाबरायची ती नेमकी त्या थांबण्यालाच. आणि गंमत म्हणजे घरात बायको कधीच तशी चालायची नाही. पाय ओढायची, पण भरभर ओढायची, न थांबता. मग त्या दिवशीच ती तशी का चालली होती? हे तिलाच विचारायला हवं होतं. पण विचारायचं तर आधी पोतं मागे घ्यावं लागलं असतं.

शेवटच्या आजारपणात एकदा नात आली होती. आजीच्या पलंगासमोर ती भूत होऊन दाखवत होती, पाय ओढत. आजी उशीला टेकून बघत होती. "अगं, अशी नाही," ती म्हणाली. "आधी टाच टेकव. वजन उजव्यावर घे. मग डावा ओढ. हां, आता कसं!" नात हरखली. "आजी, तुला कसं गं येतं?" आजीने मास्तरांकडे बघितलं. "आजोबांना विचार. त्यांनी पोती ओढलीयत जन्मभर."

दारच उघडून दिलं होतं तिने. मास्तरांनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मास्तर म्हणाले, "औषधाची वेळ झाली."

पंधरा दिवसांनी ती गेली.

चौथ्या मजल्यावर मुलगी दारातच उभी होती. केस आखूड, गळ्यात हेडफोन, चेहऱ्यावर जागरणं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लगेच माफीही मागून टाकली, जिन्याची. खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला. जमिनीवर तिने कुठून तरी लाकडी फळ्या आणून मांडल्या होत्या. मास्तरांनी सवयीने टाचेने एक फळी ठोकून बघितली. बरी होती.

पडद्यावर नायिका पलंगावर पडली. मास्तर चालले. ठप्प. घसरा. ठप्प.

"छान," मुलगी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काका, पुन्हा एकदा?"

पुन्हा चालले. पाचदा चालले. आता पाय ओढायचं नाटकही करावं लागत नव्हतं, गुडघा आपणहून ओढत होता. तरी होत नव्हतं. सहाव्यांदा मधेच थांबून ते स्टुलावर बसले. दम लागला होता. घरी जावंसं वाटत होतं, पण घरी तरी काय होतं?

"राहू दे काका, यातलंच जुळवते मी काहीतरी," मुलगी म्हणाली. ती चांगली होती, आणि चांगल्या माणसांना येते तशी तिला मास्तरांची दया आली होती. "खाली फक्त खोलीचा आवाज अंथरते, म्हणजे जुन्यासारखं वाटेल. त्या सिनेमाच्या पेटीत टेपचा एक डबा सापडलाय, त्यावर 'रिकामी खोली' असं लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

मास्तर काही बोलेपर्यंत तिने बटण दाबलं होतं. त्यांची समजूत होती, की ती टेप कधीच पुसून दुसऱ्या कामाला वापरली गेली. त्या काळी सगळ्याच टेपा पुसत.

हे स्पीकर जुन्यासारखे नव्हते, आणि मुलीने टेपवरची खरखर आधीच काढून टाकली होती. खोलीची शांतता स्वच्छ ऐकू आली. मग दार. हे दार मास्तरांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, ते खरखरीखाली गेलेलं असायचं. मग दाराशीच, माइकपासून लांब, दोन पावलं, चपलांची, भरभर; तीही तेव्हा खरखरीत बुडालेली. तिचीच, रोजची.

ती थांबली. एक छोटासा श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

लाल दिवा. तिने लाल दिवा बघितला होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, लाल दिवा असला की टाचणीही पडता कामा नये, आमच्या दिवसभराच्या कामावर पाणी पडतं.

एक चप्पल जमिनीवर टेकली, हळूच. मग दुसरी. मग अनवाणी पाय. ठप्प. घसरा. आणि ती थांबली. ऐकत होती ती. आवाज झाला का, हे ऐकत होती. मग पुढचं पाऊल. तो मेला पाय काही उचलला जात नव्हता, घासतच होता, आणि प्रत्येक घसऱ्यानंतर ती श्वास धरून उभी राहत होती. नवऱ्याचं काम बिघडू नये म्हणून. बारा पावलं. मग टेबलावर डबा इतका अलगद टेकला, की मास्तरांनाही तो ऐकण्यापेक्षा आठवलाच जास्त.

ज्या थांबण्याला दोन पिढ्या घाबरल्या, ते थांबणं हे होतं. मास्तरांनी चष्मा काढला. डोळे पुसले तरी पुन्हा भरत होते, मग त्यांनी पुसणं सोडून दिलं.

मुलगी पडद्यावर उमटणाऱ्या आवाजाच्या रेघांकडे बघत होती. तिचं लक्ष नव्हतं. "काका, हे तर तेच आहे! मूळ! अहो, सोनं सापडलं आपल्याला." मग तिने भुवया आकसल्या. "पण यावर रिकामी खोली का लिहिलंय? आणि तुम्ही ओढलंत काय हे? लोक सांगतात ते पोतं?"

हा प्रश्न पुन्हा आला होता.

"पोतं नव्हतं ते," मास्तर म्हणाले. "माझी बायको आहे ती. डबा घेऊन आली होती."

मुलीने मान वळवून बघितलं. मास्तरांनी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट पाच मिनिटांत सांगून झाली, याचंच त्यांना नवल वाटलं.

"मी सुरुवातीचं कापते," मुलगी जरा वेळाने हलकेच म्हणाली. "दार आणि चपला. पावलांपासून घेते."

"कापू नका."

"पण काका, भूत कुठे चपला काढून ठेवतं?"

"हे ठेवतं," मास्तर म्हणाले.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या पडद्यावर तिने नावांची यादी उघडली. मूळ सिनेमात या लोकांची नावं नव्हतीच, ती आता शेवटी घालणार होती. 'पावलं' या शब्दापुढे मास्तरांचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. मास्तरांनी ते खोडायला सांगितलं आणि दुसरं नाव सांगितलं. मुलीने एकेक अक्षर विचारून घेतलं, आडनावही विचारलं.

"बरोबर आहे ना, काका?"

मास्तर पडद्याजवळ वाकले. तिचं नाव छापलेलं त्यांनी लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच बघितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुन्हा एकदा लावा ती टेप. दारापासून."